सगळ्यांना परवडणारं गेट-टुगेदर : नागपूरच्या बॅचेससाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची दहावीची बॅच १९९४ ची, महाल भागातल्या एका मराठी शाळेतली. पहिलं गेट-टुगेदर आम्ही शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर केलं, माणशी २,५०० रुपये वर्गणी ठेवून. ग्रुपमध्ये ५२ जण होते, आले १९. फोटो सुरेख निघाले. दुसऱ्या दिवशी ते ग्रुपवर टाकले, आणि मग लक्षात आलं की ते पाहणाऱ्यांमध्ये न आलेले ३३ जणही आहेत.

त्यानंतर महिनाभर मी एकेकाला फोन करत होतो. आधी सगळे "काम होतं", "गावाला गेलो होतो" असंच म्हणाले. दुसऱ्या-तिसऱ्या फोनला खरं निघालं. एक मित्र ऑटो चालवतो. त्याने ग्रुपवर "मी येतो" असं तीनदा लिहिलं आणि पाठवायच्या आधी तीनदा खोडलं. "माझ्या गाडीचा अर्धा हप्ता निघते ना बे तेवढ्यात," तो म्हणाला. एक मैत्रीण म्हणाली, वर्गणी कशीबशी भरली असती, पण रिसॉर्टला नेसण्याजोगी साडी, जायचं-यायचं भाडं आणि दुकानातली एक दिवसाची रोजी, हे सगळं मिळून जमेना.

मग आम्ही पद्धत बदलली आणि त्यानंतर तीन मेळावे केले. इतर बॅचवाले विचारतात तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

वर्गणी किती ठेवावी?

कोणाशीही सल्लामसलत न करता, घरी कोणाला न विचारता खिशातून काढता येईल इतकी. तीही कोणाच्या खिशातून? वर्गातल्या सगळ्यात ओढगस्तीत असलेल्या माणसाच्या. ही रक्कम बॅचनुसार बदलेल. आमच्याकडे ती २०० रुपये ठरली.

बहुतेक जण उलट करतात. आधी जागा पसंत करतात, मग एकूण खर्च काढतात, त्याला माणसांनी भागतात आणि येईल तो आकडा ग्रुपवर टाकतात. त्या क्षणी काही जण मनातल्या मनात बाद झालेले असतात, आणि ते सांगत नाहीत. म्हणून आधी वर्गणी ठरवा, मग त्या मानाने जागा आणि जेवण.

पण कोणाला किती परवडतं हे कळणार कसं? कोणी तोंडाने सांगत नाही.

सांगणारही नाही, आणि ग्रुपवर विचारूही नका. व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. "५०० की १,००० की २,०००?" असा पोल टाकला की पहिल्या पाच जणांनी मोठा आकडा निवडल्यावर सहावा माणूस छोटा आकडा निवडत नाही.

गूगल फॉर्म करा. त्यात नाव विचारू नका आणि ई-मेल गोळा करण्याची सोय बंद ठेवा. एकच प्रश्न ठेवा : "कितीपर्यंत सहज जमेल?" पर्यायांत शून्यही असू द्या. स्मार्टफोन नसलेले किंवा फॉर्म भरायला कचरणारे चार-पाच जण असतातच, त्यांच्याशी ज्याची जवळीक आहे त्याने फोनवर बोलावं.

आकडे आल्यावर सरासरी काढू नका. तिघांनी ५,००० लिहिलं की सरासरी फुगते आणि तळातले दहा जण त्यात दिसेनासे होतात. खालून बघत या. शून्यवाले बाजूला ठेवून सगळ्यात लहान जो आकडा दिसेल, तीच वर्गणी.

एवढ्यात खर्च भागणार नाही. उरलेलं कोण भरणार?

ज्यांना जमतं ते, गाजावाजा न करता. हिशेब समजावून सांगतो. समजा ६० जण येणार आहेत आणि एकूण खर्च ३०,००० रुपये आहे. माणशी ५०० पडतात. वर्गणी २०० ठेवली तर १२,००० जमतात, १८,००० कमी पडतात. बारा जणांनी १,५०० रुपये जादा दिले की ते भरून निघतात. साठ जणांच्या बॅचमध्ये असे बारा जण मिळतात, असा आमचा अनुभव आहे. कोणी अमेरिकेत असतो, कोणाचा धंदा बरा चाललेला असतो, कोणी बँकेत अधिकारी असते. त्यांना फक्त एकेकट्याने विचारावं लागतं. ग्रुपवर आवाहन केलं की सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

एक नियम मात्र आम्ही कसोशीने पाळतो. ही तुटीची रक्कम हातात आल्याशिवाय जागेला आगाऊ रक्कम द्यायची नाही. "देतो ना, तू बुक कर" या शब्दावर बुक केलं की शेवटच्या आठवड्यात वर्गणी वाढवायची वेळ येते, आणि वाढलेली वर्गणी सगळ्यात आधी कोणाला घरी बसवते हे आपल्याला माहीत आहे.

जास्त देणाऱ्यांचा सत्कार करायला नको का?

नको. बॅनरवर नाव नको, मंचावर उल्लेख नको, ग्रुपवर टाळ्यांची चिन्हंही नकोत. देणाऱ्याचं नाव झळकलं की न देणाऱ्याचं नावही न लिहिता लिहिलं जातं. आमच्याकडच्या एकाने सगळं जेवण एकट्याने द्यायची तयारी दाखवली होती. आम्ही त्याला विनंती केली की वाटा घे, पण सगळा नको. सगळे जण एकाच्या ताटात जेवले तर तो मेळावा त्याचा होतो, वर्गाचा राहत नाही. त्याने ऐकलं, आणि नंतर भांडी घासायलाही तोच थांबला.

पैसे कोणाच्या खात्यात जमा करायचे? हिशेब कसा द्यायचा?

दोघांकडे काम द्या. खजिनदार एक, आणि त्याचा हिशेब तपासणारा दुसरा. यूपीआयने आलेली रक्कम नावासकट फक्त खातेदाराला दिसते, म्हणून खजिनदार असा हवा की ज्याच्या पोटात गोष्ट राहते. हुशारीपेक्षा हा गुण महत्त्वाचा. घरखर्चाच्या खात्यात पैसे मिसळू नका. कोणाचं वापरात नसलेलं बचत खातं असेल तर ते या कामी लावा. रोख देणाऱ्यांकडून बंद पाकिटात घ्या.

मेळाव्यानंतर आठ दिवसांत खर्चाचा पै-न्-पै हिशेब बिलांच्या फोटोंसकट ग्रुपवर टाका. जमेच्या बाजूला मात्र एकच ओळ असू द्या : एकूण जमा इतके. कोणी किती दिले याची यादी कधीच नाही. "भरलेल्यांची नावं" असा संदेश रोज टाकण्याची जी रीत पडली आहे, ती न भरलेल्यांना रोज चिमटा काढते.

कोणी काहीच दिलं नाही तर?

तो येईल, जेवेल, गप्पा मारेल. यासाठी नावनोंदणी आणि पैसे या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या ठेवा. "येतोय" एवढं कळवलं की नाव पक्कं. सवलत मागायची सोयही ठेवू नका, कारण मागावं लागणं हेच जड जातं. "अडचण असेल त्यांनी अॅडमिनला खासगीत कळवावं" हे वाक्य चांगल्या मनाने लिहिलेलं असतं, पण ते वाचून खासगीत कळवलेला एकही माणूस मला आठवत नाही. त्याऐवजी आमच्या निमंत्रणात असं लिहिलेलं असतं : "वर्गणी २०० रुपये. जमेल तशी द्या, आधी किंवा नंतर. नाव मात्र आजच कळवा."

फुकटे येणार नाहीत का?

आम्हाला अजून कोणी दिसला नाही. असलाच एखादा, तर त्याच्या एका ताटासाठी दहा जणांना संकोचात टाकू नये.

तारीख कोणती धरावी?

यावर सगळ्यात जास्त डोकं खर्च करा, कारण तारीख चुकली की पैसे आपोआप वाढतात.

डिसेंबरातले अधिवेशनाचे दिवस टाळा. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं, तेव्हा हॉटेलच्या खोल्या महागतात, टॅक्सी मिळत नाहीत, आणि यशवंत स्टेडियमहून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले की सीताबर्डीच्या आसपासचे रस्ते वळवले जातात. मे महिना मुलांच्या सुट्ट्यांमुळे बाहेरगावच्यांना सोयीचा वाटतो, पण पारा ४५ च्या घरात असताना एसी सभागृहाशिवाय इलाज नसतो, आणि एसी आला की भाडं वाढलं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, मग लॉन आणि मंगल कार्यालयं चढ्या भावाने जातात.

पौषात लग्नं कमी असतात. म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारीतले बरेच दिवस सभागृहं मोकळी असतात आणि मालक बोलायला तयार असतो. हवाही छान, दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं.

रविवार म्हणजे सगळ्यांची सुट्टी, हे नोकरदारांचं गृहीतक आहे. ऑटोवाल्याची, हातगाडीवाल्याची, कपड्याच्या दुकानातल्या सेल्समनची रविवारी सगळ्यात जास्त कमाई असते किंवा सगळ्यात जास्त काम. आमच्या वर्गात असे नऊ जण निघाले. म्हणून आम्ही २६ जानेवारी धरली. त्या दिवशी कार्यालयं, बँका बंद असतात, कारखान्यांनाही पगारी सुट्टी द्यावी लागते. ज्यांना कामावर जायचंच आहे ते मधल्या वेळात दोन तास येऊन जातात. आणि सकाळी शाळेत झेंडावंदन असतंच. जुन्या मैदानावर रांगेत उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं, त्याला रुपयाही लागला नाही आणि तिथे अनेकांचे डोळे भरून आले.

वेळ सकाळी दहा ते चार ठेवा. रात्रीचा कार्यक्रम म्हणजे रोषणाई, जास्त भाडं, आणि परतताना दूर राहणाऱ्यांना ऑटोचे वेगळे पैसे.

जागा कुठे बघावी?

पहिली पसंती आपली शाळा. मुख्याध्यापकांना दीड-दोन महिने आधी लेखी अर्ज द्या, संस्थेची परवानगी लागते. मैदान, दोन वर्गखोल्या आणि पाण्याची सोय मिळाली तरी पुरे. भाड्याऐवजी आम्ही एका वर्गाला रंग लावून दिला. रंगारी आमच्याच वर्गातला होता, आणि त्याला आम्ही त्याची पूर्ण मजुरी दिली. हे मुद्दाम सांगतो. वर्गमित्राकडून काम घ्यायचं तर बाजारभावाने पैसे द्यायचे. "आपलाच आहे" म्हणून त्याच्या रोजीवर मेळावा स्वस्त करू नका.

शाळा मिळाली नाही तर वस्तीतलं समाजभवन, देवळाचं सभागृह, किंवा कोणाच्या तरी शेतावरचा मांडव. काटोल, सावनेर, उमरेडकडे कोणाची ना कोणाची शेती असतेच, आणि जानेवारीत ज्वारीचा हुरडा असतो. मात्र शेतावर जायचं तर ने-आण करण्याचा खर्च धरूनच तुलना करा, नाहीतर फुकटची जागा महागात पडते.

शहरात जागा घ्यायची असेल तर मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल अशी बघा. खापरी, ऑटोमोटिव्ह चौक, लोकमान्य नगर, प्रजापती नगर या चारही टोकांकडून येणारी माणसं सीताबर्डीला गाडी बदलून पोहोचतात. गाडी नसलेल्यांना यापेक्षा स्वस्त काही नाही.

मंगल कार्यालयच घ्यावं लागलं तर काय विचारून घ्यावं?

सांगितलेलं भाडं जीएसटी धरून आहे का? सभागृहाच्या भाड्यावर १८ टक्के लागतो आणि तो बोलताना बहुतेक वेळा सांगितला जात नाही. विजेचे युनिट वेगळे का, जनरेटरचं डिझेल कोणाचं, साफसफाईचे किती, अनामत कधी परत मिळेल, बाहेरचा आचारी चालतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. बाहेरचा आचारी चालत नसेल तर पुढचं बोलणं सोडून द्या.

जेवणाचं कसं करावं?

प्लेटच्या हिशेबाने कॅटररला द्यायचं की आचारी लावून किराणा आपण आणायचा, हा खरा प्रश्न. तीस-पस्तीस माणसांपर्यंत कॅटरर सोयीचा. पन्नासच्या वर गेलात तर आचारी लावा. किराणा इतवारीतून, भाजी पहाटे कॉटन मार्केटमधून. गंज, कढया, सतरंज्या बिछायत केंद्रातून भाड्याने. आमच्या वर्गातल्या दोघी जणी खानावळ चालवतात, त्यांनी माणशी किती तांदूळ, किती डाळ याची यादी करून दिली, त्यामुळे उरलं-सांडलं फार नाही.

सकाळी तर्री पोहा. नागपुरात जमलेल्या माणसांना याहून वेगळा नाश्ता द्यायचं कारणच नाही, आणि हरभऱ्याची तर्री मोठ्या गंजात केली की खर्च अगदी थोडा येतो. दुपारी वडाभात, वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी, सोबत कढी. हिवाळा असल्यामुळे वांग्याचं भरीत, भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. एखाद्या वर्षी पाटोडीचा रस्सा. सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर. गोडाला संत्र्याची बर्फी एकेक वडी.

पनीरच्या तीन भाज्या, चाट काउंटर, दोन प्रकारचं आइस्क्रीम हे सगळं लग्नात खाऊन झालेलं असतं. पुण्या-मुंबईहून आलेले तर वडाभातासाठीच पुन्हा पंगतीत बसतात.

सावजी मटण ठेवा म्हणतात. काय करावं?

मटणाने खर्च बराच चढतो आणि स्वयंपाकही दोन करावे लागतात. दुपारचं जेवण सगळ्यांचं एक आणि शाकाहारी ठेवा. ज्यांना सावजी खायचं आहे त्यांनी रात्री आपल्या पैशांनी जावं. दारूचंही तेच. ती वर्गणीतून कधीच नाही.

टी-शर्ट, मोमेंटो, ड्रेस कोड, ड्रोन?

काहीच नको. "मैत्रिणींनी सगळ्यांनी पैठणी नेसायची" अशी सूचना ग्रुपवर येते तेव्हा ती हौसेने आलेली असते, पण जिच्याकडे पैठणी नाही ती त्याच दिवशी येणं रद्द करते. आमचा ड्रेस कोड एका ओळीचा आहे : रोजचे कपडे. आठवण म्हणून दहावीच्या वर्गाचा जुना ग्रुप फोटो मोठा करून भिंतीवर लावा. प्रत्येक जण त्यात स्वतःला शोधायला जातो, आणि तिथेच गप्पा सुरू होतात.

शिक्षकांचा सत्कार?

जरूर करा. शाल, श्रीफळ आणि घरून नेण्या-आणण्याची सोय. गाडी असलेल्यांनी ही जबाबदारी घ्यावी. बाई-सरांचं वय झालेलं असतं, त्यांना खुर्ची सावलीत आणि जेवण वेळेवर लागतं. महागड्या भेटवस्तूंपेक्षा हे जपा.

बाहेरगावहून येणाऱ्यांचा खर्च कसा कमी होईल?

तारीख तीन-चार महिने आधी सांगून. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस होते. त्यामुळे खिडकी उघडायच्या दिवशी खजिनदाराने ग्रुपवर आठवण करावी. विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम एक्स्प्रेस, पुण्याची गरीबरथ या गाड्या लवकर भरतात, आणि उशीर झाला की तत्काळ किंवा खासगी बसचं वाढीव भाडं द्यावं लागतं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. यवतमाळ, अमरावती, चंद्रपूरकडच्या मैत्रिणींना हे कळवा.

राहायला हॉटेल नको, वर्गमित्रांची घरं आहेत. कोणाकडे कोण उतरणार हे संयोजकांनी ठरवावं, पाहुण्याला विचारत फिरावं लागू नये. घर लहान असलेल्याला "तुझ्याकडे किती जण?" असं ग्रुपवर विचारू नका.

रामटेक किंवा सेवाग्रामला सहल काढली तर?

रामटेक ५० किलोमीटरच्या आत-बाहेर, सेवाग्राम ७५ च्या आसपास. दोन्ही ठिकाणी दिवसभराची सहल साध्या खर्चात होते. एसटी महामंडळ प्रासंगिक करारावर पूर्ण बस देतं, तिचं भाडं काढा आणि नेहमीच्या एसटीने जाण्याशी तुलना करा. मैत्रिणी जास्त असतील तर अर्ध्या तिकिटामुळे नेहमीची एसटीच स्वस्त पडू शकते. पण सहलीत मधूनच येऊन जाता येत नाही. ज्यांना दोनच तास मिळतात ते सुटतात, म्हणून आम्ही सहल मुख्य मेळावा न धरता वेगळी ठेवतो.

मैत्रिणी फार कमी येतात. याचा पैशांशी संबंध आहे का?

आहे. अनेकींच्या हातात स्वतःचा पैसा नसतो, मागावा लागतो, आणि "कशाला पाहिजे?" याचं उत्तर द्यावं लागतं. २०० रुपये मागावे लागत नाहीत. दुपारची वेळ, शाळेची जागा, लहान मूल सोबत आणायला मोकळीक आणि त्याचं ताट वर्गणीबाहेर, एवढं केल्यावर आमच्याकडे पहिल्या मेळाव्याला ४ जणी होत्या त्या पुढच्या वेळी १७ झाल्या. मुलं सोडून इतर कुटुंबीय मात्र नकोत. माणसं दुप्पट होतात, खर्चही, आणि जुन्या गप्पा निघतच नाहीत.

पैसे उरले तर?

काय करायचं ते आधीच ठरवून निमंत्रणात लिहा. आमचे उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या तुटीत जातात.

ऐनवेळी, नाव न कळवता कोणी आलं तर?

येऊ द्या. आम्ही पाच-सहा ताटं जास्तच धरतो. आणि दारात नोंदणीचं टेबल, वही, पैशांची पेटी यातलं काही मांडू नका. दारात फक्त एक जण उभा ठेवा, ज्याला सगळ्यांची शाळेतली नावं, टोपणनावं आठवतात.

दुसऱ्या मेळाव्याला आमचा ऑटोवाला मित्र दुपारी दोनला आला, खाकी शर्टावरच, नाव न कळवता. ऑटो फाटकाशी लावून तो आत डोकावत होता. दारातल्याने त्याला त्याच्या टोपणनावाने हाक मारली, हाताला धरून पंगतीत बसवलं. वडाभात दोनदा घेतला त्याने. साडेतीनला त्याचं शाळेच्या मुलांना सोडायचं भाडं नव्हतं, सुट्टी होती, म्हणून चारपर्यंत थांबला, आणि जाताना बाईंना घरी सोडून आला.